पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारी मोबाईल ॲप्स: नेमकं काय ऐकू येतं?

अबोली१९

प्ले स्टोअरवर ‘बेबी हार्टबीट’ असं शोधलं की डझनावारी ॲप्स समोर येतात. वरवर पाहता त्यांचे तीन प्रकार दिसतात. काहींत फोन थेट पोटावर टेकवायचा असतो, बाकी काही लागत नाही. काहींना वेगळं डॉपलर यंत्र (पोटात ध्वनिलहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून ठोके ऐकवणारं) जोडावं लागतं, वायरने किंवा ब्लूटूथने. काहींच्या वर्णनात अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘फक्त मनोरंजनासाठी’ असं लिहिलेलं असतं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फोनच्या माइकला बाळाचे ठोके खरंच ऐकू येतात का, आणि येत असतील तर कितव्या आठवड्यापासून? स्क्रीनवर १४२, १५० असे आकडे दिसतात ते कुठून येतात? आणि घरी डॉपलर घ्यायचाच असेल तर काय बघून घ्यावा? ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच उत्तर नको, कारणासकट सांगा.

ध्वनिलहर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो कळला की पहिल्याचं उत्तर निम्मं मिळतं.

माइकवाली ॲप्स साधारण एकाच पद्धतीने चालतात. आवाज घ्यायचा, त्यातला खालच्या पट्टीचा भाग गाळून ठेवायचा, त्याच्या चढउताराचा आलेख काढायचा आणि तो आलेख किती वेळाने स्वतःशी जुळतो हे शोधायचं. जुळण्याचा काळ ०.४३ सेकंद निघाला तर मिनिटाला १४० ठोके. यात गणित चुकीचं नाही. पण शोधायची मर्यादा आधीच ठरवून दिलेली असते, समजा १०० ते २००. निव्वळ गोंगाट दिला तरी त्या मर्यादेत कुठेतरी सर्वांत जास्त जुळणारा बिंदू निघतोच, आणि ॲप तो ‘ठोके’ म्हणून दाखवतं. ‘काही सापडलं नाही’ असं सांगायची सोय बहुतेक ॲप्समध्ये ठेवलेलीच नसते.

यापुढची चूक जास्त फसवी आहे. आईची नाडी ७२ आहे असं धरा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात ‘लब’ आणि ‘डब’ असे दोन आवाज असतात. गणिताने ते दोन वेगळे ठोके मोजले की आकडा येतो १४४, म्हणजे अगदी निरोगी बाळाचा. फोन आईच्याच पोटावर, तिच्या मोठ्या रोहिणीपासून काही सेंटिमीटरवर टेकवलेला असतो, त्यामुळे असं होण्याला भरपूर वाव आहे.

आता माइककडे येऊ. बाळाच्या हृदयाच्या आवाजाची बहुतेक शक्ती १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते. फोनची सगळी मांडणी बोलण्यासाठी केलेली. बऱ्याच फोनमधलं सॉफ्टवेअर वाऱ्याची घरघर आणि हाताळण्याचा आवाज नको म्हणून नेमका हाच खालचा पट्टा कापतं. वर ‘नॉइज सप्रेशन’ असतं, ते एकसारख्या लयीत येणाऱ्या आवाजाला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबतं. आवाज आपोआप लहानमोठा करणारी यंत्रणा शांततेत सगळंच वाढवते, म्हणून मग कापडाची सळसळसुद्धा धाडधाड ऐकू येते. अँड्रॉइड ७ पासून कसलीही प्रक्रिया न केलेला आवाज मागण्याची सोय ॲप लिहिणाऱ्याला आहे, पण ती फोन बनवणाऱ्यानेही दिलेली असावी लागते. आयफोनमध्ये त्यासाठी ‘मेजरमेंट’ मोड आहे.

इतकं सगळं जमलं तरी अडचण संपत नाही. पोटातून बाहेर येणारी कंपनं त्वचेपाशीच बहुतेक परत फिरतात. मांस आणि हवा यांची घनता व ध्वनिवेग यांत फार अंतर आहे, त्यामुळे हवेत उतरतो तो अंश अगदी नगण्य. स्टेथोस्कोपची घंटी किंवा पिनार्डचं नळकांडं (बाळाचे ठोके कानाने ऐकायचा साधा कर्णा) त्वचेवर घट्ट बसतं आणि आतली हवा कोंडली जाते, म्हणून त्यांना ऐकू येतं. फोनचा माइक टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकामागे बसवलेला आहे.

निशिगंध

ध्वनिलहर यांनी यंत्राची बाजू सांगितली, मी प्रसूतिशास्त्राची सांगते.

कोणत्या साधनाने कधी ऐकू येतं ते आधी. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत साधारण ६ आठवड्यांनंतर हृदयाची धडधड डोळ्यांना दिसते. हातात धरायच्या डॉपलरने १० ते १२ आठवड्यांपासून. पिनार्डने सरावलेल्या कानाला २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान. फोनचा माइक या रांगेत पिनार्डच्याही मागे आहे. शेवटच्या तिमाहीत, शांत खोलीत, बाळाची पाठ पुढे असताना, सडपातळ स्त्रीच्या पोटावर क्वचित काही पकडता येत असेलही. पण ‘१० व्या आठवड्यापासून ऐका’ असं लिहिणारं माइकवालं ॲप खोटं बोलत आहे, यात मला शंका नाही.

नेहमीचा वेग मिनिटाला ११० ते १६०. नवव्या आठवड्याच्या सुमारास तो १७० च्या घरात असतो आणि नंतर उतरतो, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत १७० दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठोके चालू असणं आणि बाळ ठीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राणवायू कमी पडू लागला की बाळ आधी हालचाल कमी करतं आणि शक्ती वाचवतं. त्याच सुमारास ठोक्यांमधला बारीक चढउतार कमी होतो. हृदय थांबतं ते सर्वांत शेवटी. त्रासात असलेल्या बाळाचेही ठोके १४० असू शकतात. म्हणूनच आम्ही एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट, बाळाच्या ठोक्यांचा सलग आलेख) काढतो तेव्हा एक आकडा बघत नाही, किमान २० मिनिटांची पट्टी बघतो. ३२ आठवड्यांनंतर त्या २० मिनिटांत ठोके निदान दोनदा, १५ ने वाढून १५ सेकंद टिकलेले दिसावे लागतात. ॲपवरचा १४२ यातलं काहीच सांगत नाही.

ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००९ साली अशीच एक घटना छापली होती. हालचाल कमी झालेल्या एका गर्भवतीने घरच्या डॉपलरवर ठोके ऐकले, तिला धीर आला आणि ती थांबली. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा बाळ गेलेलं होतं. तिने ऐकलेला आवाज तिच्या स्वतःच्या नाडीचा किंवा वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) रक्तप्रवाहाचा असावा, असं लिहिणाऱ्या डॉक्टरांचं मत होतं. आणि ते यंत्र ॲप नव्हतं, खरा डॉपलर होता.

केतकी_ठाणे

म्हणजे माइकवाल्या ॲपपेक्षा डॉपलर बरा, पण धोका दोन्हींत आहे, असंच ना?

निशिगंध

धोक्याची जात वेगळी आहे. ॲप काहीही ऐकवतं. डॉपलर खरं ऐकवतो, पण ते ओळखायला शिकावं लागतं.

सह्याद्रीपुत्र

ॲप खोटं आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची माइकची परवानगी काढून घ्या आणि ॲप चालवा. तरीही टापांसारखा आवाज आला तर आत ध्वनिमुद्रित फाइल वाजते आहे. परवानगी नसल्याने ॲप बंद पडलं तर परवानगी परत द्या आणि फोन उशीवर ठेवा, मग टेबलावर, मग घरातल्या एखाद्या पुरुषाच्या पोटावर. तिथेही १३०–१५० आलं तर वर सांगितलेला गोंगाटातून आकडा काढण्याचा प्रकार आहे.

परवानग्यांचीही यादी वाचा. ठोके ऐकवायला संपर्कयादी आणि ठिकाण लागत नाही. प्रसूतीची तारीख, आठवडा, फोन नंबर हा जाहिरातदारांसाठी मोलाचा माल आहे.

ध्वनिलहर

चाचणी चांगली आहे. एक भर घालतो. ध्वनिमुद्रण करून ऐकायचं असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. इवल्याशा स्पीकरला २००–३०० हर्ट्झखालचा आवाज जवळपास काढताच येत नाही. म्हणजे मुद्रणात ठोके असले तरी स्पीकरवर ऐकू येणार नाहीत, आणि स्पीकरवर जे खणखणीत ऐकू येतं ते बहुधा ठोके नसतातच. वायरचे इअरफोन वापरा. ब्लूटूथ हेडसेटच्या माइकने मुद्रण तर मुळीच करू नका, तो आवाज फोन कॉलच्या पट्टीत चेपलेला येतो.

रानजाई

मग फोनलाच डॉपलर का बनवता येत नाही? स्पीकर आवाज सोडू शकतो, माइक तो परत घेऊ शकतो.

ध्वनिलहर

प्रश्न रास्त आहे. डॉपलरच्या प्रोबमध्ये, म्हणजे पोटावर टेकवायच्या भागात, दोन स्फटिक असतात, एक सतत २ किंवा ३ मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडतो, दुसरा परत आलेला ऐकतो. शरीरात ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, म्हणजे २ मेगाहर्ट्झला तरंगलांबी पाऊण मिलिमीटर. हृदयाची हलणारी भिंत सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सरकली तर परतीच्या ध्वनीत सुमारे २६० हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक आपल्या कानाच्या पट्टीतच येतो, आणि डॉपलर तोच वाजवतो. म्हणजे ते ‘टपटप’ हृदयाचा मूळ आवाज नसून हालचालीचं आवाजात केलेलं रूपांतर आहे.

फोन फार तर २०–२२ किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. तिथे तरंगलांबी ७ सेंटिमीटरच्या पुढे जाते. १२ आठवड्यांच्या बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबीच ५–६ सेंटिमीटर असते. तोच वेग धरला तर फरक पडतो जेमतेम अडीच हर्ट्झचा. तरी अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात १८ किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी वापरून फोनवर ठोके मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. ते संशोधन आहे, स्टोअरमधल्या ॲप्सचा त्याच्याशी संबंध नाही.

मालती_सिस्टर

घरी डॉपलर आणलेलाच असेल तर तो नीट वापरायची पद्धत सांगते. अबोलीताई, हे वाचून डॉपलर घ्या असं मात्र मी म्हणत नाही.

आधी आईची मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून कागदावर लिहा. मग तिला पाठीवर, खांद्याखाली उशी देऊन झोपवा. शेवटच्या महिन्यांत सपाट पाठीवर जास्त वेळ नको, गर्भाशयाच्या भाराखाली मोठी शीर दबून चक्कर येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी सरकवावी.

१२–१४ आठवड्यांत मूत्राशय थोडं भरलेलं असावं. प्रोब ओटीपोटाच्या हाडाच्या अगदी वर, मधोमध ठेवून खाली पायांकडे तिरका धरायचा. इथे बहुतेक जण चुकतात. बेंबीजवळ शोधत बसतात आणि गर्भाशय अजून तिथे पोचलेलंच नसतं. प्रोब फिरवायचा नाही, एका जागी ठेवून फक्त कोन थोडाथोडा बदलायचा. २४ आठवड्यांनंतर हाताने चाचपून बाळाची पाठ शोधा. एका बाजूला सलग घट्ट लागतं ती पाठ, दुसरीकडे हातापायांचे उंचवटे. डोकं खाली असेल तर ठोके पाठीच्या बाजूला, बेंबी आणि कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक यांच्या मधे सापडतात. पायाळू असेल तर बेंबीच्या पातळीला किंवा वर.

जेल नाण्याएवढं पुरतं, पण सुकलं की पुन्हा लावा. प्रोब आणि त्वचा यांत हवेचा पातळसा थर राहिला तरी आवाज आत जात नाही. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, प्रोबचा पृष्ठभाग खराब होतो. पाण्यात बनवलेलं सोनोग्राफी जेलच घ्या.

आता कान. घोड्याच्या टापांसारखा जलद, ठसठशीत आवाज म्हणजे बाळाचं हृदय. ‘सूं… सूं…’ असा वाऱ्यासारखा आवाज आईच्या नाडीच्या लयीत आला तर ती वार किंवा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या. ‘सूं सूं’ पण जलद, तर नाळेतला प्रवाह. मधेच ‘धप्प’ किंवा खरखर आली तर बाळ हललं. ऐकताना एका हाताची बोटं आईच्या मनगटावर ठेवायचीच. दोन्ही लयी एक निघाल्या तर तुम्ही आईला ऐकताय. ताप असेल तर आईची नाडीही ११०–१२० वर जाते, तेव्हा नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही.

स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा स्वतः मोजलेलं बरं. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद. प्रसूतिकक्षातसुद्धा कळ ओसरल्यावर लगेच पूर्ण मिनिटभर ऐकतात.

केतकी_ठाणे

आणि १२ व्या आठवड्यात सापडलेच नाहीत तर? इथेच घरोघरी रडारड होते.

मालती_सिस्टर

वार पुढच्या बाजूला असेल, गर्भाशय मागे झुकलेलं असेल, पोटावर चरबी जास्त असेल किंवा आठवड्यांचा हिशेब चुकलेला असेल तर १४ व्या आठवड्यातही सापडत नाहीत. फक्त ठोके सापडत नाहीत आणि रक्तस्राव नाही, पोटात दुखत नाही, तर रात्री धावाधाव नको. दुसऱ्या दिवशी तपासून घ्या. रक्तस्राव किंवा दुखणं असेल तर मात्र डॉपलर बाजूला ठेवून लगेच निघायचं.

यंत्रवैद्य_मिरज

दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतो. हातातल्या डॉपलरचे बिघाड ठरलेले असतात. वायर प्रोबच्या मानेपाशी तुटते, मग वायर हलवली की खरखर. प्रोब पडला की आतला स्फटिक तडकतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त आवाज क्षीण होतो. बॅटरी उतरली की लयीत पिचपिच येते आणि यंत्र तिलाच ठोके समजून आकडा दाखवतं. जेल पुसून न ठेवल्याने फटीत सुकतं. तपासणी सोपी: जेल लावून प्रोबवर बोट हळूच घासा, मोठा खरखराट आला पाहिजे. मग गळ्यावर बाजूला धरा, मानेच्या रोहिणीचा ‘हूश हूश’ यायला हवा. तिथे आला नाही तर पोटावरही येणार नाही.

वायरने फोनला जोडायच्या उपकरणात एक खास घोळ आहे. फोनच्या गोल खाचेत चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांची असेल किंवा उपकरणाचा रोध फोनला माइकसारखा वाटला नाही, तर फोन मुकाट्याने स्वतःचाच माइक चालू ठेवतो. तुम्ही प्रोब पोटावर फिरवता आणि ॲप खोलीतला पंखा ऐकतं. ओळखायचं असं: प्रोबवर टिचकी मारा, मग फोनच्या बुडाला मारा. आलेख कोणत्या टिचकीला उडतो ते बघा. टाइप-सीच्या स्वस्त कनेक्टरमध्येही हेच होतं.

घेताना प्रोबची वारंवारता वाचा. ३ मेगाहर्ट्झ लवकरच्या आठवड्यांना बरा, २ मेगाहर्ट्झ खोल जातो, उशिराच्या आठवड्यांना आणि जाड पोटाला चांगला. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, त्यात सॉफ्टवेअरही येतं. वेष्टनावर परवाना क्रमांक हवा. आयात माल असेल तर क्रमांक एमडी-१५ चा, म्हणजे आयात परवान्याचा असतो. तो नसलेला माल घेऊ नका.

रानजाई

फोनला जोडलेली चांगली उपकरणंही आहेत ना? सरसकट सगळी मोडीत काढू नये.

निशिगंध

आहेत. मुंबईच्या केअरएनएक्सचं फिटोसेन्स आणि बंगळुरूच्या जनित्रीचं केयार ही फोनला जोडून चालणारीच उपकरणं. पण तिथे फोन फक्त पडदा आणि पाठवणारा. ठोके टिपायचं काम वेगळा प्रोब किंवा पट्टा करतो, पूर्ण आलेख निघतो आणि दूरचा डॉक्टर तो वाचतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तज्ज्ञ नसताना याचा खरा उपयोग आहे.

लंडनकर

बाहेरच्या देशांचं धोरण थोडक्यात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) डिसेंबर २०१४ मध्ये घरगुती डॉपलर आणि आठवणीखातर केलेल्या सोनोग्राफीविरुद्ध लोकांना जाहीर सूचना दिली. तिथे डॉपलर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं उपकरण आहे. ब्रिटनमध्ये विक्रीला बंदी नाही, पण हालचाल कमी झाली तर घरी ठोके तपासत बसू नका, थेट प्रसूतिविभागाला फोन करा, असं एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते. तिकडे ‘किक्स काउंट’ ही संस्था घरगुती डॉपलरविरुद्ध बरीच वर्षं मोहीम चालवते आहे.

सह्याद्रीपुत्र

काही ॲप्स ठोक्यांवरून ‘मुलगा की मुलगी’ असंही दाखवतात. १४० च्या वर मुलगी, खाली मुलगा. हे शास्त्राला धरून नाही. ठोक्यांचा वेग बाळाच्या वयावर, झोपेवर, हालचालीवर बदलतो. एकाच बाळाचा दिवसभरात १२५ ही येतो आणि १५५ ही. डॉपलर चित्र काढत नाही, त्यामुळे लिंग कळायचा प्रश्नच नाही.

पण खोटं आहे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याच्या कलम २२ नुसार लिंगनिदानाची जाहिरात करणं, इंटरनेटवरसुद्धा, गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेत सर्च इंजिन कंपन्यांनाही यात बांधून घेतलं. असं ॲप दिसलं तर स्क्रीनशॉट घेऊन जिल्हा शल्यचिकित्सक किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करा. ‘आमची मुलगी’ या संकेतस्थळावरही करता येते.

अबोली१९

खूप मोलाची माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. ठोके ऐकायचे नाहीत तर घरी बाळ ठीक आहे हे बघायचं कशावरून?

निशिगंध

हालचालीवरून. पहिलटकरणीला ती १८ ते २० आठवड्यांत जाणवू लागते, दुसऱ्या खेपेला १६–१८ मध्येच. २८ आठवड्यांपासून रोज लक्ष ठेवायचं. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर शांत पडायचं, टीव्ही-फोन बंद, आणि मोजायचं. लाथ, वळण, ढकलणं सगळं धरायचं. उचकी धरायची नाही. दोन तासांत १० हालचाली व्हायला हव्यात. बऱ्याच बाळांच्या त्या अर्ध्या तासातच होतात. बाळ एका वेळी २० ते ४० मिनिटं झोपतं, क्वचितच ९० च्या पुढे, म्हणून दोन तास दिले आहेत.

प्रत्येक बाळाची स्वतःची ठेवण असते, कुणाची रात्री जास्त, कुणाची जेवणानंतर. तुमच्या बाळाची नेहमीची ठेवण बदलली हेच मोठं लक्षण. हे टिपायला वहीचं पान पुरतं. हालचाली मोजायचं साधं ॲप वापरलंत तरी चालेल, तिथे मोजणारी तुम्ही असता, माइक नसतो.

‘नववा लागला, बाळाला जागा कमी पडते म्हणून हलत नाही’ हे घरातल्या मोठ्यांकडून हमखास ऐकायला मिळेल. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी सरकणं-वळणं वाढतं; संख्या कमी होत नाही.

मालती_सिस्टर

आणि गोड खाऊन बघू, गार पाणी पिऊन बघू, सकाळपर्यंत थांबू, असं करत वेळ घालवू नका. दोन तासांत १० झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटल्या, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी जिथे नाव नोंदवलंय तिथे जायचं. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८. आशाताईंचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा. मधुमेह, रक्तदाब किंवा बाळाची वाढ कमी असं सांगितलेलं असेल तर दोन तासही थांबायचं नाही. तिथे गेल्यावर ‘घरी ॲपवर ठोके ऐकले, १४० होते’ हे सांगू नका. ‘सकाळी ११ पासून हालचाल कमी आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे एनएसटी लगेच लावतील.